नागपूरच्या उन्हाळ्यासाठी घर तयार करताना: आधी स्लॅब, मग कूलर, शेवटी सोलर

एप्रिल सरत आला की नागपुरात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. एसी कोणता घ्यावा, आणि सोलर बसवलं तर परवडेल का? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची वेळ शेवटी येते. वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरालाही भट्टीवाणी तापत असेल, तर मोठा एसी घेऊन तुम्ही स्लॅबमधून उतरणारी उष्णता पैसे मोजून बाहेर फेकत बसता. आणि सोलरने बिल उतरतं, खोली थंड होत नाही.

म्हणून या लेखाचा सगळा भर क्रमावर आहे. ऊन आधी घराबाहेर अडवायचं, मग हवा खेळवायची, मग यंत्रं घ्यायची, आणि विजेचा वापर उतरला की मग पॅनल मोजायचे. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा एक नंबर मोठी घ्याल.

आपल्या हवामानाची एक अडचण आधी लक्षात घेऊ. राष्ट्रीय इमारत संहितेत नागपूर ‘संमिश्र’ हवामानाच्या पट्ट्यात येतं. म्हणजे एकाच घराला तीन वेगवेगळे शत्रू. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंश, आणि मधल्या जुलै-ऑगस्टात पारा तिशीत असूनही अंगाला कपडे चिकटतात. मे महिन्यात कामाला येणारा उपाय जुलैत पांगळा पडतो. राजस्थानात किंवा कोकणात चाललेली युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही, ती त्यामुळेच.

आधी बिल आणि मीटर वाचा

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. फेब्रुवारीचा आकडा आणि मेचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. फेब्रुवारीत पंखे नाहीत, गिझर जेमतेम, त्यामुळे तो तुमच्या घराचा कायमचा वापर. मेमधून तो वजा केला की उरतो तो निव्वळ उन्हाळ्याचा खर्च. फेब्रुवारीत १२० आणि मेमध्ये ४२० युनिट असतील तर तुमची लढाई ३०० युनिटांशी आहे; एलईडी दिवे बदलून ती जिंकता येणार नाही.

घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात, आणि वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा बरंच महाग पडतं. त्यामुळे वापर कमी होऊ लागला की आधी कापली जातात ती सगळ्यात महागडी युनिटं. बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता तुम्ही ज्या टप्प्यात पोचता त्या टप्प्याच्या दराने करा. चित्र बरंच वेगळं दिसेल.

आता मीटरपाशी उभे राहा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६०० इम्प’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचीही पिन काढा, आणि पाच मिनिटं त्या दिव्याकडे पाहा. तरीही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स किंवा चार्जर जागा आहे. तेही नसतील तर वायरिंगमध्ये गळती आहे. ती इलेक्ट्रिशियनकडून आधी शोधून घ्या. मग एकेक यंत्र चालू करून मिनिटाला किती लुकलुक होते ते मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला पाचपेक्षा थोडं जास्त म्हणजे शंभर वॅट. कोणतंही उपकरण विकत न घेता घरातल्या जुन्या फ्रिजची आणि कूलरची खरी भूक अर्ध्या तासात कळते.

स्लॅब: खरा स्टोव्ह डोक्यावर आहे

नागपूर एकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळपास नसतंच. सगळा मारा सपाट गच्चीवर असतो, दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे नव्वद किलोवॅटच्या घरात. त्यातलं बरंचसं वाऱ्याने आणि आकाशाकडे परत जातं, पण काळपट पडलेलं काँक्रीट निम्म्याहून जास्त ऊन पिऊन घेतं. ते खाली झिरपायला काही तास लागतात, म्हणून छत सगळ्यात जास्त तापतं ते संध्याकाळी, तुम्ही पलंगावर अंग टाकता त्या वेळेला. संध्याकाळी सातला छताला हात लावून पाहा आणि मग आतल्या भिंतीला. फरक हातालाच कळतो.

महाल भागातल्या जुन्या वाड्यांत आणि कवेलूच्या (कौलारू) घरांत ही तक्रार नव्हती. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जायची, खाली माळा असायचा. सिव्हिल लाइन्सच्या इंग्रजी काळातल्या बंगल्यांना चहूबाजूंनी व्हरांडा आणि छताशी झरोके. आपण पाच-सहा इंची स्लॅब टाकला, वर काहीच केलं नाही, आणि मग कूलरला बोल लावतो.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत करून टाकावा. गच्ची झाडून, घासून धुवा. शेवाळ राहिलं तर चुना पापुद्र्यासारखा निघतो. भेगा आधी भरून घ्या. विझवलेला चुना मिळाला तर उत्तम. कळीचा चुना आणलात तर लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका. विझताना तो खदखदतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत, आणि पोरंसोरं गच्चीवर फिरकायला नकोत. रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या आणि दहा लिटरमागे पाव ते अर्धा किलो फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक घाला, नाहीतर चालताना तळव्यांना चुना लागतो. ताकाइतकं दाट हवं. जाड थर पहिल्याच उन्हात तडकतो.

हात मारायचा तो संध्याकाळी, ओलसर केलेल्या स्लॅबवर. पहिला हात उत्तर-दक्षिण, दुसरा त्याला आडवा. एका पावसाळ्यात तो पुरता निघून जात नाही, पण दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो हे धरून चला. गच्चीच्या कठड्याच्या आतल्या बाजूलाही मारा. कठडा तापला की त्याची धग गच्चीवरच येते.

दरवर्षीचा हा व्याप नको असेल तर छतासाठीचा पांढरा रबरी लेप मिळतो. तो तीन-पाच वर्षं टिकतो आणि बारीक भेगांतली गळतीही थोपवतो. घेताना डब्यावर एसआरआयचा, म्हणजे लेप ऊन किती परतवतो त्याचा, आकडा पाहा. चांगल्या पांढऱ्या लेपाचा तो शंभरच्या आसपास असतो. नुसतं ‘हीट प्रूफ’ लिहिलेल्या करड्या किंवा विटकरी लेपाला पांढऱ्याचे पैसे देऊ नका. कोणताही लेप धुळीने मळला की निम्मी कमाई गेली, म्हणून मार्च ते मे या काळात महिन्यातून एकदा झाडू फिरवा.

गच्ची रोज वापरात असेल, पापड-कुरडया, सांडगे वाळवायचे असतील, तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक सगळ्यात टिकाऊ. वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच असेल तर ती संधी दवडू नका: स्लॅबवर दोन इंच जाडीचे एक्सपीएस फोमचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) बोर्ड टाकून त्यावर कोबा आणि टाइल्स करून घ्या. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर असेल तर स्लॅबच तापत नाही. आतून थर्माकोलचं सीलिंग लावलं तर स्लॅब तापतोच, फक्त तुम्हाला दिसत नाही, आणि साधं थर्माकोल आग लागली की धडाधड पेटतं. आतून करायचंच असेल तर जिप्समचं सीलिंग, आणि वर हवेची पोकळी.

हिरवी शेडनेट हा आणखी एक मार्ग. शेतीच्या दुकानात पन्नास आणि पंचाहत्तर टक्के सावलीची मिळते, पंचाहत्तरची घ्या. स्लॅबपासून निदान सहा-सात फूट वर, खालून वारा जाईल अशी बांधा. जाळी स्लॅबवर पसरून ठेवणारेही पाहिलेत, त्याचा उपयोग नगण्य. आणि मे अखेरचं वावधन (वादळी वारा) लक्षात ठेवून दोऱ्या अशा बांधा की दहा मिनिटांत सोडता येतील. उडालेली जाळी शेजाऱ्यांच्या डिशवर जाऊन अडकते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आपल्याकडे जुनी सवय. गारवा वाटतो, खोटं नाही. पण तापलेल्या काँक्रीटवर रोज गार पाणी पडून भेगा वाढतात, आणि पेंच धरणातून आणलेलं पिण्याचं पाणी स्लॅबवर ओतायचं हे मला पटत नाही. एकदा चुना मारला की त्याची गरजही उरत नाही.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

मेमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकून मावळतो. त्यामुळे तीन ते साडेसहा हे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तर येतंच, उत्तरेच्या भिंतीलाही चाटून जातं. सूर्य खाली आलेला असल्याने छज्जा इथे निरुपयोगी. दोन फुटांचा छज्जा दक्षिणेला मात्र शोभतो: डिसेंबरच्या दुपारी सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, कोवळं ऊन आत येतं; मेमध्ये तो डोक्यावर असतो, आत येत नाही. दक्षिणेच्या खिडक्या म्हणूनच झाकू नका.

पश्चिमेला आडोसा हवा तो काचेच्या बाहेर. जाड पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. पडदा तापतो आणि खोलीतच धग सोडतो. बुरुडांकडून मिळणारे बांबूचे तट्टे किंवा चिकाचे पडदे खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून टांगा. ग्रिलला बांधलेली शेडनेटही चालते. रिफ्लेक्टिव्ह फिल्म काचेवर लावता येते, पण तिने वर्षभर उजेड कमी होतो; मी ती शेवटचा पर्याय म्हणून सुचवतो.

अंगणात जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज, पायापासून पुरेसं अंतर सोडून. झाड मोठं होईपर्यंत जाळीवर मधुमालती चढवा, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंत झाकायला लागते. स्वयंपाकघर पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा स्वयंपाक आणि संध्याकाळचं ऊन एकाच वेळी अंगावर येतं. तिथे एक्झॉस्ट पंखा ओट्याच्या वर, छताच्या जवळ हवा.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी एवढंच: बेसा, हिंगणा, कोराडी रोडकडे जी घरं उठतायत त्यांत कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा सर्रास वापरतात. त्या मजबूत असतात, पण उष्णता अडवण्यात हलके एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचं काँक्रीट) सरस. निदान पश्चिमेची भिंत तरी त्यांची करा, आणि संडास-बाथरूम, जिना, कोठीची खोली त्या बाजूला ढकला.

खिडक्या कधी उघडायच्या

मेमध्ये सकाळी आठ-नऊला सगळ्या खिडक्या, दारं बंद. अंधार वाटला तरी चालेल. रात्री नऊ-दहाच्या सुमारास बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. नक्की वेळ कळायला दोन साधे थर्मामीटर पुरतात, एक आत आणि एक व्हरांड्यात. ‘घर कोंदट होतंय’ म्हणून दुपारी खिडकी उघडणं म्हणजे ४४ अंशांची झळ आत बोलावणं.

दुमजली घरात रात्री जिन्याच्या वरचं दार उघडा ठेवून जाळीचं दार लावा. गरम हवा वर चढून निघून जाते आणि खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते.

पंखे

जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात. आधी तो बदला जो सगळ्यात जास्त तास फिरतो, म्हणजे बहुतेक घरांत हॉलचा किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काही साधत नाही. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर लावू नका. तो काढून सरळ स्विच ठेवा.

कूलर: नागपूरकरांचं खरं यंत्र

कूलरबद्दल आपण सगळेच तज्ज्ञ असतो, तरी निम्म्या घरांत तो चुकीचा चालतो. मेमध्ये दुपारी ४४ अंश आणि हवेत आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा सिद्धांततः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला ओला, स्वच्छ कूलर त्यातला पाऊण हिस्सा गाठतो, म्हणजे तोंडाशी २८ अंशांच्या आसपास हवा, तीही दीडशे-दोनशे वॅटमध्ये. त्याच वेळी दीड टनाचा एसी हजार वॅटच्या वर ओढत असतो. जुलैत मात्र ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तोच कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि खोली दमट करतो. पहिला दमदार पाऊस झाला की पंप बंद, नुसता पंखा चालू ठेवा.

कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. कूलरच्या समोरच्या टोकाची खिडकी किंवा दार चार-सहा इंच उघडं ठेवा. कागदाचा तुकडा धरून पाहा, तो बाहेरच्या दिशेने ओढला गेला पाहिजे. सगळं बंद करून कूलर लावला की अर्ध्या तासात चादरी ओलसर लागतात. आणि कूलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेला. हॉलच्या मध्ये ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

टाकीत बर्फ टाकायची गंमत. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं. बर्फाची लादी आणण्यापेक्षा गवताच्या जाळ्या नीट भिजताहेत का ते पाहणं कितीतरी फायद्याचं. वरच्या पन्हाळीची भोकं खडूसारख्या क्षाराने बुजलेली असतात, विशेषतः बोअरच्या पाण्यावर. सुईने मोकळी करा. गवत एका सीझनचं, दर मार्चला नवं. खाली बसून मध्ये मोकळी झालेली जागा दिसली की तिथून गरम हवाच आत येते. हनीकॉम्ब पॅड महाग पण तीन-चार वर्षं जातात, अट एकच: क्षार साचू द्यायचे नाहीत. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर वास सुरेख, पण त्या पटकन सुकतात, पंपाला जास्त पाणी द्यावं लागतं.

मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पितो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांत होते. आठवड्याचा नेम त्यासाठीच. नुसतं वरून पाणी भरत राहिलं तर अंडी काठाला चिकटून राहतात.

आणि शॉक. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं असतात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि अर्थिंग तुटलेली. तीन पिनांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. इलेक्ट्रिशियनला सॉकेटची अर्थिंग तपासायला सांगा. मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, पिन काढा. पंपाच्या वायरचा जोड टाकीत बुडालेला नको. या लेखातलं बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

एसी घ्यायचाच तर

घ्या, जरूर घ्या. पावसाळी उकाड्यात आणि आजारी माणसाच्या खोलीत त्याला पर्याय नाही. फक्त स्लॅब आणि पश्चिम सावरल्यानंतर घ्या. जिथे दुकानदार दीड टन सांगतो तिथे बऱ्याचदा एक टन पुरतो.

एक गोष्ट दुकानात क्वचित सांगतात. एसीची क्षमता ३५ अंश बाहेरच्या तापमानाला मोजलेली असते. बाहेर ४५ झालं की तोच एसी कमी गारवा देतो आणि जास्त वीज खातो. म्हणून बाहेरचं युनिट सावलीत ठेवायला धडपडा: उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीवर, समोर दोन-तीन फूट मोकळी जागा. पश्चिमेच्या बंद बाल्कनीत, वर कपडे वाळत घातलेत आणि युनिट आपलीच गरम हवा पुन्हा ओढतंय, हे दृश्य फ्लॅटमध्ये रोजचं. सावलीसाठी वर पत्रा चालेल, पण चारही बाजू बंद करून पेटी बनवू नका.

स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच स्टार नव्याइतका चांगला नसतो. लेबलवर वर्ष आणि आयएसईईआरचा, म्हणजे विजेच्या मानाने मिळणाऱ्या गारव्याचा, आकडा पाहा; आकडा जितका मोठा तितका चांगला. वापरताना २६ अंश आणि वर पंखा मंद. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा. जुलै-ऑगस्टात ‘ड्राय’ मोड वापरून पाहा. आणि एका खोलीत कूलर आणि एसी एकाच वेळी नको. कूलरने भरलेली ओल एसीला उपसावी लागते.

टाकी, गिझर, फ्रिज

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मेच्या दुपारी हाताला चटका देतं. टाकीवर सावली करा किंवा पांढरा रंग द्या. निदान गोणपाट गुंडाळा. उघड्यावरून जाणाऱ्या पाइपांनाही फोमची नळी चढवा.

गिझर नागपुरात तीन महिन्यांचं प्रकरण. पंधरा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज लागते. बिल फुगतं ते गिझर दिवसभर चालू ठेवल्याने. थर्मोस्टॅट पन्नासवर ठेवा, आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, नंतर बंद. बोअरचं पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा कॉइलवरचा क्षार काढून घ्या. गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये नको, वायुवीजन नसेल तर जीवावर बेततं.

फ्रिजचं दार कागदाच्या चिठ्ठीवर लावून ओढा. चिठ्ठी सहज निघाली तर गास्केट (दाराचं रबर) बदला. मागे चार इंच जागा, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका.

फ्लॅट आणि भाड्याचं घर

मधल्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबचा भाग सोडून द्या. तुमचा प्रश्न पश्चिमेचा आणि हवेचा आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची सोसायटीची असते, ठराव लागतो. तो मांडताना ‘आमच्या घरात गरम होतं’ असं न म्हणता गळती आणि पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करा. वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटी करणारच असते. लेप पांढरा घ्या एवढंच पदरात पाडून घ्यायचं. काही ठिकाणी वरच्या मजल्यावरची मंडळी चुन्याचा खर्च स्वतः उचलतात, तो हजार-दोन हजारांचा मामला, वाद घालण्यापेक्षा स्वस्त.

भाड्याच्या घरात मालकाला विचारून चुना मारा. सहसा नाही म्हणत नाहीत. तट्टे, बीएलडीसी पंखा आणि दाराखालची पट्टी जाताना सोबत नेता येते. जुना पंखा मात्र जपून ठेवा.

सोलर

आता, वापर उतरल्यावर, पॅनल मोजा. नागपुरात एक किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटं देतात. मागच्या बारा महिन्यांची एकूण युनिटं १,४०० ने भागा, तितके किलोवॅट तुम्हाला पुरतात. एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरलं. त्यापुढच्या किलोवॅटना घरगुती अनुदान वाढत नाही, त्यामुळे ‘घ्या की पाच किलोवॅट’ म्हणणाऱ्याला आधी तुमचं बिल दाखवा. अनुदानासाठी पॅनल देशी बनावटीच्या सेलचे लागतात, आणि अर्ज योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्यामार्फत.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज अर्धाच खरा. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की त्याची निर्मिती दर अंशामागे टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त घटते. मेच्या दुपारी पॅनल पासष्ट अंशांना पोचले की तेरा-पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनलखालून वारा जायला हवा. संरचना (पॅनलचा सांगाडा) सात-आठ फूट उंच घेतली तर खाली चालता येतं, पापड वाळवता येतात आणि स्लॅबला आयती सावली मिळते. फक्त वावधनासाठी पाया आणि बोल्ट भक्कम हवेत. पॅनल दक्षिणेला, पंधरा-वीस अंशांच्या उतारावर. धूळ सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

एक क्रम इथेही पाळा. संरचनेचे पाय बसण्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पांढरा लेप उरकून घ्या, आणि विक्रेत्याकडून लिहून घ्या की स्लॅबला भोकं पाडली तर ती तोच बुजवून देईल. पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवून भोकं टाळता येतात का, हे कोटेशन मागतानाच विचारा. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागल्यावर पहिल्या बिलात आयात आणि निर्यात दोन्ही युनिटं छापून आली आहेत का ते पाहा; न आल्यास महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज त्याच महिन्यात द्या, सोबत मीटरच्या पडद्याचे फोटो.